माकविषयी पाचशे शब्द

सोमवार, २ सप्टेंबर २०२४

विषय आला. ‘मला जवळून माहीत असलेली एक व्यक्ती.’ पाचशे शब्द. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पोर्टलवर चढवायचा.

यंदा पाक लुकितो लेख तपासणारच नाहीत. आमचं पदवीचं दूरशिक्षण, सुराबायातून पडद्यावर दिसतात तेवढेच आमचे गुरुजी. म्हणाले, “या खेपेला तुम्हीच एकमेकांचे परीक्षक.” प्रत्येकाला दुसऱ्या तिघांचे लेख येणार, नावं झाकलेली. आपला लेखही तिघांकडे जाणार. वाचक १, वाचक २, वाचक ३ — त्यांनाही नाव नाही. त्यांचे शेरे वाचून लेख नव्यानं लिहायचा, तो पुन्हा त्याच तिघांकडे, मग शेवटचा खर्डा. दुसऱ्यांचे तपासले नाहीत तर आपले निम्मे गुण गेले.

गेल्या वर्षी मी याच विषयात नापास झाले. यंदाही झाले तर पदवी आणखी लांबणार. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी परवा आडून आडून सांगितलंच — पदवी नसलेल्यांना कायम करणं आता त्यांच्या हातात नाही. अकरा वर्षं झाली, मी इथे मुलांची नाकं पुसतेय.

कुणावर लिहू?


बुधवार, ४ सप्टेंबर

मुलं अकराला घरी जातात. मग मी व्हरांड्यात बसते. बालवाडी टेकडीवर आहे म्हणून रेंज इथेच चांगली. खाली बंदर, होड्या, आणि दुपारचं पाणी असं चमकतं की फार वेळ बघवत नाही. मग डोळे मिटतात. आजही मिटले.

झोप नव्हती, जाग नव्हती. मी लिहिलेलं काहीतरी पाण्यावरून चाललंय असं वाटत होतं. कागद नव्हता, नुसतेच शब्द, बदकांसारखे एका ओळीत. पलीकडच्या किनाऱ्यावर तीन माणसं उभी होती. त्यांना तोंडं नव्हती, पण ती वाट बघत होती.

जागी झाले तर मोबाइल मांडीवर, आणि त्यात दोन वाक्यं आधीच लिहिलेली. मीच लिहिली असणार.

‘माझी आई नऊ वर्षं हाँगकाँगला होती. नऊ वर्षांत ती एकदाही आली नाही.’

म्हणजे माकवर, आईवरच लिहायचं ठरलं तर.


शनिवार, ७ सप्टेंबर

पाचशे बारा शब्द. बारा कापायला जीव होत नाही.

सगळं भडाभडा आलं. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची. सहाव्या वर्षी माक हाँगकाँगला गेली, दुसऱ्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळायला. मला माकची धाकटी बहीण वार्सिती, माझी बुलिक, तिनं वाढवलं. दर ईदला खोकं यायचं. त्यात बूट, आणि ते बूट कायम एक माप लहान. दर दोन वर्षांनी चिठ्ठी, ‘यंदाही रजा मिळाली नाही.’ मी पंधरा वर्षांची झाले आणि एका सकाळी दारात एक बाई, हातात निळी बॅग. म्हणाली, “मोठी झालीस.”

शेवट असा केलाय — ‘ती परत आली, पण आई परत आली की नाही ते मला अजून कळलेलं नाही.’

मोठ्यानं वाचून पाहिलं. मग पुन्हा एकदा. चांगला झालाय लेख.

माक मागच्या शेडमध्ये मासे उकडत होती. वाफ खिडकीतून आत येत होती. मी आवाज खाली केला.


रविवार, ८ सप्टेंबर

चढवला. चार वाजून दहा मिनिटांनी. आता तो माझा नाही.


मंगळवार, १० सप्टेंबर

मला आलेले तीन लेख —

पहिला एका गुरुजीवर. इतका गुळगुळीत की हात ठेवायला जागा नाही. ‘त्यांचं जीवन प्रकाशाचा झरा होतं.’ कुठलं गाव, कुठली शाळा, गुरुजी जाडे की बारीक? काहीच नाही. हा माणसानं लिहिला की यंत्रानं, मला सांगता येईना.

दुसरा एका मैत्रिणीवर. गोड आहे. भात लावताना दोघी भांडल्या नि चिखलात पडल्या. हसले मी.

तिसरा कुणातरी तिकीट-खिडकीवरच्या कारकुनाचा. कुठल्याशा नदीवर फेरीबोट आहे, तिथला. वडिलांवर लिहिलंय, पण सगळी वेळापत्रकंच. ते इतक्याला उठत, इतक्याला कामावर जात, इतक्याला परत येत. मध्येच एक ओळ, ‘त्यांचा कामाचा शर्ट अजून त्याच खिळ्याला आहे.’ आणि पुन्हा वेळापत्रक.

ती ओळ माझ्याबरोबर घरी आली.


गुरुवार, १२ सप्टेंबर

गुण द्यायला तक्ता आहे. स्पष्टता दहा, मांडणी दहा, तपशील दहा, भाषा दहा. आकडे टाकणं सोपं आहे. शेरा लिहायला मात्र दोन दुपारी गेल्या.

कारकुनाला तक्त्याप्रमाणे तपशिलात चारच देता येत होते. चार दिले. मग लिहिलं, ‘तो शर्ट कुठल्या रंगाचा? अजून कोणी धुतं का तो? त्याच्या खिशात काय आहे? तुमचा लेख त्या खिळ्यापासून सुरू करून बघा ना.’

पाठवून झाल्यावर वाटलं, कोण मी विचारणारी? पण नाव झाकलेलं असलं की धीर येतो. मी त्याला डोळ्यांपुढे आणून पाहिलं. जाळीच्या खिडकीमागे बसलेला, समोर तपकिरी नदी, दोन बोटींमधल्या मोकळ्या वेळात माझं वाचतोय. त्याला माझं तोंड नाही. मी पलीकडच्या किनाऱ्यावरची.


रविवार, १५ सप्टेंबर

माझे आले.

वाचक १ : ‘मी रडलो. काहीही बदलू नका. चाळीसपैकी चाळीस.’

वाचक २ : ‘स्वल्पविराम फार. तिसरा परिच्छेद दुसऱ्याच्या आधी हवा. एकतीस.’ हा नक्की कुठल्यातरी कचेरीत असणार.

वाचक ३ : ‘तुमचं दुःख मला दिसलं. तुमची आई दिसली नाही. लेखाचा विषय “मला जवळून माहीत असलेली व्यक्ती” आहे म्हणून विचारते. एक, ती तिकडे झोपायची कुठे? दोन, तिकडे तिला कोणत्या नावानं हाक मारत? तीन, परत आल्यावर ती “मोठी झालीस” म्हणाली. तुम्ही काय म्हणालात? बावीस.’

बावीस!


सोमवार, १६ सप्टेंबर

पैगंबर जयंतीची सुटी. मशिदीतून पिवळ्या भाताच्या टोपल्या आल्या. माझ्या लेकीनं, लारसनं, वरचं अंडं आधी खाल्लं आणि भात मला दिला. आठ वर्षांची आहे, पण हिशोब पक्का.

माझा नवरा, मास वियोतो, घरी आहे. पौर्णिमेच्या सुमाराला मासळी दिव्याला येत नाही, म्हणून होड्या आठवडाभर किनाऱ्याला. त्याला मी सगळं वाचून दाखवलं, लेखही आणि शेरेही. वाचक ३ चं वाचताना आवाज चढला माझा.

“हिला काय माहीत? म्हणे कुठे झोपायची. हा काय प्रश्न झाला?”

तो जाळं विणत होता. म्हणाला, “तुला माहीत आहे का?”

“मला कसं माहीत असेल?”

“मग प्रश्न झाला की.”

मी भात चिवडत राहिले. तोच पुढे म्हणाला, “एक विचारू? रागवू नकोस. हे माकवर लिहिलंय की माकच्या विरुद्ध?”

रागावले. भात तसाच टाकून उठले. आता लिहिताना तेवढा राग राहिलेला नाही. अठरा वर्षं झाली माकला परत येऊन. आमची भिंत एक आहे, चूल एक आहे. मी तिला ‘तुम्ही’ म्हणते — इथे सगळेच आईवडिलांना म्हणतात, पण माझ्या तोंडी ते नुसतं अदबीचं नाही. या वहीत तेवढी ती ‘ती’ आहे.

कुठे झोपायची, हे मी कधीच विचारलं नाही.


बुधवार, १८ सप्टेंबर

विचारलं.

होड्या बंद असल्या तरी शीतगृहातला कुप्पा मासा होता. माक टोपल्या भरत होती. बांबूच्या चपट्या टोपल्या, एकीत दोन मासे, मान दुमडून, वर मीठ. मी समोर बसले आणि भरू लागले. तिनं एकदा बघितलं. मी सहसा या कामाला येत नाही.

“माक, तिकडे तुम्ही कुठे झोपायचात?”

“कुठे म्हणजे?”

“हाँगकाँगला.”

“कशाला? पोलीस चौकीतून आलीस का?”

“अभ्यास आहे.”

“अस्सं. मग मार्क मला मिळणार का तुला?”

“मला.”

“मग मी का बोलू?” असं म्हणून ती हसली. तिच्या पुढच्या एका दाताला सोन्याचं टोपण आहे, तिकडचंच. मग बराच वेळ नुसते मासे आणि मीठ. मला वाटलं, संपलं.

“दाराशी,” ती म्हणाली. “म्हातारीच्या खोलीच्या दाराशी. घडीची खाट होती. तिनं कूस बदलली तरी मला कळायचं. सकाळी सहाला खाट कपाटामागे. मग दिवसभर मला जागा नाही.”

“जागा नाही म्हणजे?”

“बसायला. सगळ्या खुर्च्या त्यांच्या. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण बसवतच नसे. फार थकले की कपडे धुवायच्या यंत्रापुढे उभी राहायचे. त्याला गोल काच असते बघ. आत कपडे फिरतात. बघत राहिलं की बसल्यासारखं वाटायचं.”

मी टोपली भरली ती चुकीची भरली. दोन्ही माना एकाच बाजूला. तिनं काढून पुन्हा नीट लावल्या.

“आणि हाक काय मारत?”

“आ-नेम. माझं सुकिनेम हे नाव त्यांना म्हणता येईना. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण बाई ही आ-नेम म्हणून.”


शुक्रवार, २० सप्टेंबर

आज मी विचारलंही नव्हतं. केळीच्या पानावर भात वाढता वाढता माक आपणच म्हणाली, “दुक, तुझ्या त्या अभ्यासात स्वप्नं चालतात का?”

तेहेतीस वर्षांच्या बाईला ती अजून दुक म्हणते, लहान पोरींना म्हणतात तसं.

म्हटलं, “चालतात.”

“तेविसावा मजला होता. खिडकीतून खाली बघितलं की मुंग्यांएवढ्या गाड्या. पण स्वप्नात खाली आपला समुद्र असायचा. हाच. या होड्या, हा धक्का. मी खिडकीतून दोरीनं बादली सोडायचे. खाली, खाली, खाली. दोरी संपायची नाही. बादली पाण्याला टेकली की हाताला कळायचं, ओझं लागायचं. मग वर ओढायची.”

“काय असायचं बादलीत?”

“वर येईपर्यंत म्हातारी हाक मारायची.”

लारस आजीला म्हणाली, “एम्बाह, एकदा तरी बघायचं ना आत.”

“बघायचं होतं खरं,” माक म्हणाली आणि मिरचीची चटणी पुढे सरकवली.

दुपारी मी टेकडीवर डोळे मिटून बसले. ती बादली येताना दिसू लागली. माझ्या डोक्यावरून, उन्हातून, हळू गोल फिरत. मी खाली धक्क्यावर उभी होते, सहा वर्षांची असणार, कारण बादली फार मोठी दिसत होती.


रविवार, २२ सप्टेंबर

दुसरा खर्डा चढवला. पाचशे शब्द, बरोबर पाचशे.

बूट काढले. ईदची खोकी काढली. ‘आई परत आली की नाही’ तेही काढलं. आता खाट आहे, गोल काच आहे, आ-नेम आहे, बादली आहे.

तिसरा प्रश्न राहिला होता, मी काय म्हणाले. आठवत होतं. कायमच आठवत होतं. लिहिलं — ‘दारात बाई उभी होती. मी विचारलं, “कोण हवंय तुम्हाला?”’

लिहून झाल्यावर मोबाइल उलटा ठेवला. थोडा वेळ समुद्राकडे बघितलं.

पहिली दोन वाक्यं तेवढी तशीच ठेवली. लेख त्यांच्यावरच उभा आहे.


बुधवार, २५ सप्टेंबर

कारकुनाचा दुसरा खर्डा आला!

खिळ्यापासून सुरू होतो. शर्ट फिकट हिरवा. आई दर शुक्रवारी तो धुते, वाळवते, आणि पुन्हा त्याच खिळ्याला अडकवते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. खिशात अर्धी फाडलेली तिकिटं होती, धुण्यात त्यांचा लगदा झाला, पण आईनं तो लगदाही परत खिशात ठेवला. तो स्वतः आता त्याच तिकीट-खिडकीत बसतो. त्याला तो शर्ट बरोबर येतो. एकदा कुणी घरात नसताना त्यानं घालून बघितला होता.

शेवटी टीप, ‘शर्टाबद्दल विचारणाऱ्या वाचकाला — हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं की हे सांगायचं होतं.’

तपशिलात दहा दिले. दहाच्या वर देता येत नाहीत.

त्याचं नाव मला कधी कळणार नाही. रस्त्यात समोर आला तरी ओळखणार नाही. पण त्याच्या घरातला खिळा मला माहीत आहे. हे केवढं विचित्र आहे, आणि केवढं छान. आज सबंध दुपार मी हलकी हलकी होते. मुलांनी दोन गाणी जास्त म्हणून घेतली माझ्याकडून.

गुळगुळीत गुरुजीवाल्यानं काही बदललं नाही. झऱ्याच्या जागी सागर केलाय.


शनिवार, २८ सप्टेंबर

दुसऱ्या फेरीचे शेरे.

वाचक १ : ‘आधीचं जास्त रडवणारं होतं. तरी चाळीस.’

वाचक २ : ‘स्वल्पविराम सुधारले. छत्तीस.’

वाचक ३ : ‘आता मला तुमची आई दिसते. यंत्रापुढे उभी राहिलेली दिसते. हा लेख वाचून मी माझ्या आईला फोन केला. फक्त एकच. तुम्ही लिहिलंय, “नऊ वर्षांत ती एकदाही आली नाही.” हे तुम्हाला ठाऊक आहे की तुम्ही तिला विचारलंय? एवढं विचारून घ्या, मग पाठवा. अडतीस.’

कोण आहे ही? बाई आहे एवढंच शब्दांवरून कळतं. मी तिला डोळ्यांपुढे आणायला गेले तर दिसते कशी — पन्नाशीची, चष्मा नाकावर, कुठल्यातरी डोंगराळ गावात, ओसरीवर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत माझा लेख वाचणारी. एक शेंग, एक ओळ.

पण हा प्रश्न मात्र चुकलाच तिचा. मी होते की तिथे. नऊ वर्षं मीच तर वाट बघत होते. न आलेल्या माणसाला ‘आलात का’ काय विचारायचं?


गुरुवार, ३ ऑक्टोबर

विचारलं नाही.

दोनदा शेडच्या दारापर्यंत गेले. मास वियोतो समुद्रावर आहे, त्यामुळे ढकलायलाही कुणी नाही. एकदा माक मिठाच्या पाण्याची चव बघत होती. एकदा वाफेत दिसतच नव्हती, नुसतं गुणगुणणं ऐकू येत होतं.

गेले पंधरा दिवस कसे चाललेत. ती कधीही काहीही सांगते. म्हातारी मेली तेव्हा तिची मुलं रडली नाहीत, आ-नेमच रडली. रविवारी बागेत पुठ्ठे अंथरून सगळ्या जावानी बाया बसायच्या, एकमेकींच्या डोक्यातले पांढरे केस उपटायच्या. हे सगळं अठरा वर्षं कुठे होतं? मी फक्त समोर बसायचं होतं.

आता ‘एकदाही का आला नाहीत’ म्हटलं की परत ते जुनं सगळं. पुन्हा मी पोलीस चौकी. नको. जमलंय ते जमू दे.


रविवार, ६ ऑक्टोबर

शेवटचा खर्डा. पाच वाजता चढवला. सहाला पोर्टलवर करडी पट्टी आली, ‘या लेखात आता बदल करता येणार नाही.’

वाचक ३ ला उत्तर लिहायला चौकट होती. लिहिलं, ‘तुमच्या तीन प्रश्नांमुळे माझ्या घरात बोलणं सुरू झालं. चौथा विचारला नाही, त्याची गरज नव्हती. आभार.’

पाठवताना ‘गरज नव्हती’ जरा टोचलं. पाठवलं.


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

पास! शंभरपैकी सत्त्याऐंशी. पाक लुकितोंनी स्वतः एक ओळ लिहिलीय, ‘पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यात दोन वेगळ्या बाया आहेत. दुसऱ्या बाईशी ओळख झाली, बरं वाटलं.’

दुसऱ्यांना दिलेल्या शेऱ्यांचेही गुण असतात. त्यात मला पैकीच्या पैकी. कारकुनाचं काम असणार हे.

मोठ्या बाईंना निकाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला, म्हणाल्या, “चला, आता तुझा अर्ज पुढे पाठवायला मला तोंड आहे.”

माकला सांगितलं. ती चुलीपुढे होती. म्हणाली, “किती?”

“सत्त्याऐंशी.”

“तेरा कुठे गेले?”

“स्वल्पविरामात.”

मान हलवली, जणू ते तिला पटलं. टोपल्यांवर झाकणं घालत राहिली. मग माझ्याकडे न बघता, “माझ्यावर लिहिलंयस म्हणे. वियोतो बोलला मागे.”

“हो.”

“किती जणांनी वाचलं?”

“तिघांनी. आणि गुरुजींनी.”

“तिघं परकी.”

“हो.”

“मग मला का नाही देत? मी तर त्यातलीच आहे.”


शनिवार, १२ ऑक्टोबर

बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून लेख छापून आणला. मोबाइलवरची अक्षरं तिला बारीक पडतात. एका पानावर पुढून-मागून मावला. केवढासा दिसतो छापल्यावर.

माकनं हात धुतले, पुसले, पुन्हा वास घेऊन बघितला आणि मग कागद घेतला. चौथीपर्यंत शिकलेली. ओठ हलवत वाचते. शेडबाहेर फणसाखाली बसली होती. मी भांडी घासत होते आणि तिचे ओठ बघत होते. ओठांवरून कळेना कुठे पोचली. एका जागी फार वेळ थांबली. मला वाटलं, ‘कोण हवंय तुम्हाला’ इथे असणार.

लारस धावत आली, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “एम्बाह, इबूला किती मार्क देणार?”

“थांब,” माक म्हणाली. “परीक्षकांना घाई करायची नसते.”

मग कागदाची चार पदरी घडी घातली आणि सारोंगच्या कनवटीला खोचली. “पेन्सिल आहे का तुझी?” लारसला विचारलं. तिची टोक मोडलेली पेन्सिल घेऊन आत गेली.


सोमवार, १४ ऑक्टोबर

माकनं कागद परत दिला. टोपल्या घेऊन बाजाराला गेली. एकाच वाक्याखाली रेघ आहे, ‘नऊ वर्षांत ती एकदाही आली नाही.’ बाजूच्या समासात मोठी, सुटी अक्षरं —

‘आले होते. चौथ्या वर्षी. तुझ्या शाळेच्या कुंपणाशी उभी होते. शाळा सुटली. तू धावत आलीस आणि वार्सितीला माक म्हणून मिठी मारलीस. हसत होतीस. मी दुपारच्या बसनं परत गेले. बाकी सगळं बरोबर आहे.’

मला तो दिवस आठवत नाही.